घरची दर्याची विद्या सोबत घेऊन समुद्रविज्ञानात: किनाऱ्यावरच्या मुलामुलींसाठी सविस्तर वाट

वेसावे कोळीवाडा आणि केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था एकाच वर्सोव्यात आहेत. संस्था १९६१ पासूनची, कोळीवाडा त्याच्या कितीतरी आधीचा. तरीही संस्थेत शिकायला जायचं म्हणजे घरी शिकलेलं फाटकाबाहेर ठेवायचं, असं किनाऱ्यावरच्या अनेक मुलामुलींना वाटतं. बोली बदलायची, आई मासळी विकते हे सांगायचं टाळायचं, भरतीची वेळ तिथीवरून सांगता येते हे कुणाला कळू द्यायचं नाही. यात नुकसान त्या मुलांचं होतं आणि विज्ञानाचंही. घरची विद्या पद्धतशीर लिहून काढली, तपासली आणि ज्यांच्याकडून आली त्यांच्या संमतीने वापरली, तर तिच्या बळावर चांगलं संशोधन उभं राहतं. ते कसं करायचं हे पुढे दिलं आहे. उदाहरणं मुख्यतः कोळी समाजाची असली तरी गाबीत, भंडारी, दालदी, खारवी आणि गोव्यातल्या रापणकार (किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणाऱ्या) घरांतल्या मुलांना यातलं बहुतेक सगळं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी रस्ता निवडा, कारण नंतर बदलणं अवघड जातं

बारावीनंतर तीन वेगळ्या वाटा फुटतात. त्यांची सरमिसळ झाली की पुढे अडकायला होतं.

पहिली वाट मत्स्यविज्ञानाची. चार वर्षांची बी.एफ.एससी. पदवी घ्यायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, विदर्भ-मराठवाड्यात नागपूर आणि उदगीरला आहेत. बारावीला जीवशास्त्र हवंच. प्रवेश कोणत्या परीक्षेच्या गुणांवर होणार याचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. मोठ्या भावाच्या वेळचा नियम गृहीत धरू नका. या पदवीनंतर एम.एफ.एससी., मत्स्यव्यवसाय विभागातली अधिकारीपदं आणि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेसारख्या ठिकाणची संशोधक पदं असा पुढचा रस्ता आहे.

दुसरी वाट साध्या बी.एससी.ची. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्र घेऊन पुढे सागरी जीवशास्त्रात किंवा समुद्रविज्ञानात एम.एससी. करता येतं. गोवा विद्यापीठ, कोचीचं विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ आणि तमिळनाडूत परंगीपेट्टईला असलेलं अण्णामलै विद्यापीठाचं केंद्र ही जुनी, नावाजलेली ठिकाणं आहेत. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. प्राणिशास्त्रातली बी.एससी. झाली की वर्सोव्याला एम.एफ.एससी. करता येईल असं मुलं धरून चालतात. बहुतेक शाखांना त्यासाठी बी.एफ.एससी. लागते, आणि हे तीन वर्षं गेल्यावर कळतं.

तिसऱ्या वाटेचा विचार आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. ती भौतिकशास्त्राची, गणिताची आणि संगणकाची. लाटा, प्रवाह, वारा, वादळ, उपग्रहांच्या नोंदी हे सगळं तिच्यात येतं. हैदराबादचं इन्कॉइस हे केंद्र मच्छीमारांना संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना देतं. ती सूचना पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रह-नोंदींवरून तयार होते. चेन्नईची राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्था उपकरणं बनवते. किनाऱ्यावरच्या मुलाने जीवशास्त्रच घेतलं पाहिजे असा काही नियम नाही. ज्याला गणितात गती आहे त्याने ही वाट जरूर धरावी. इथे गर्दीही कमी असते.

दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. तिचं एक प्रादेशिक केंद्र मुंबईत आहे. तिन्ही वाटांवरून आलेली माणसं तिथे काम करतात.

कागदपत्रं अकरावीतच

कंटाळवाणं असलं तरी याच्यामुळे प्रवेश हातचे जातात. राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल तर जात प्रमाणपत्रासोबत जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि पडताळणीला महिनेच्या महिने जातात. इतर मागास आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना, जन्म-मृत्यू नोंद यांपैकी जे सापडेल ते आधी काढा, मग वंशावळ लिहा.

अर्जात जातीचं नाव जुन्या नोंदीत जसं आहे तसंच लिहा. सोनकोळी वेगळे, महादेव कोळी वेगळे आणि टोकरे कोळी वेगळे. त्यांच्या याद्याही वेगळ्या आहेत. कुणाच्या सल्ल्याने दुसऱ्या यादीतला दाखला काढला तर पडताळणीत तो अवैध ठरतो आणि झालेला प्रवेशही रद्द होतो. राज्याची यादी आणि केंद्राची यादी या दोन स्वतंत्र याद्या आहेत, हेही लक्षात ठेवा. केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातलं नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र लागतं. राज्याच्या नमुन्यातलं घेऊन गेलात तर परत पाठवतात.

पहिली वही: भरती-ओहोटीची

पदवीच्या पहिल्या वर्षापासून, खरं तर त्याआधीच, हे काम सुरू करता येतं. खर्च एका वहीचा.

तिथीला पाऊणपट करा, जो आकडा येईल ती भरतीची वेळ, हा हिशोब कोकणात घरोघर ठाऊक आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. आता हाच हिशोब विज्ञानाच्या कसोटीवर घासून बघा. जेट्टीच्या खांबावर किंवा पायरीवर एक कायमची खूण निवडा. भरतीचं पाणी चढायचं थांबलं की घड्याळातली वेळ टिपा. पाणी थबकलेलं असण्याचा काळ बराच असतो, म्हणून थांबल्याची आणि उतरू लागल्याची अशा दोन्ही वेळा लिहा आणि मधली वेळ धरा. सोबत तिथी, वाऱ्याची दिशा आणि खुणेपासून पाणी किती वर-खाली होतं तेही लिहा. दोन चांद्रमास, म्हणजे साधारण ६० दिवस, दिवसातून निदान एक नोंद ठेवा. मग भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-कोष्टकाशी किंवा इन्कॉइसच्या अंदाजाशी ताळा करा.

काय दिसेल? पाऊणपटीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि दुसऱ्या दिवशीच्या प्रतिपदेची पाऊण वाजता. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी. पाणी अशी उडी मारत नाही. भरती दर तिथीमागे सरासरी ४८ मिनिटांनी पुढे जाते आणि पाऊणपटीत आपण ४५ धरतो. रोजची तीन मिनिटं साठत साठत पंधरवड्यात पाऊण तास होतो. पौर्णिमेला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमारास येते, ती याच कारणाने. तोंडी करायला सोपा हिशोब हवा म्हणून जुन्या माणसांनी पाऊणपट धरली, आणि होडी काढायला तेवढी अचूकता पुरते. खाडीत आत गेलात की भरती आणखी उशिरा पोचते. ती किती उशिरा हे तुमच्या वहीतूनच निघेल, कारण कोष्टक बंदराचं असतं, तुमच्या खाडीचं नसतं.

उधाण ऐन पौर्णिमेला किंवा अमावास्येला सर्वांत मोठं नसतं, एक-दोन दिवसांनी असतं. भांगाचंही, म्हणजे सर्वांत लहान भरती-ओहोटीचंही तसंच, अष्टमीनंतर. हे तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) माहीत असतं, पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत मात्र सहसा दिसत नाही. मुलाखतीत हा फरक स्वतःच्या नोंदींसकट सांगता आला, तर समोरचा प्राध्यापक पुढचे प्रश्न वेगळ्याच आदराने विचारेल.

दुसरी वही: मासळीच्या नावांची

स्थानिक नाव म्हणजे शास्त्रीय नावाचं भाषांतर नव्हे. ढोमा म्हटलं की त्यात एकाच कुळातल्या अनेक जाती येतात. मुशी म्हणजे कितीतरी प्रकारची लहान शार्क, आणि मालवणकडे तिलाच मोरी म्हणतात. मुंबईचं पापलेट मालवणात सरंगा होतं. उलट काही ठिकाणी एकाच जातीच्या माशाला लहान असताना एक आणि मोठा झाल्यावर दुसरं नाव असतं. नुसतं नाव विचारून यादी केली की ती यादी चुकणारच. मासा हातात घेऊनच विचारा.

वहीत प्रत्येक नोंदीला हे रकाने ठेवा: स्थानिक नाव उच्चाराप्रमाणे, गाव, सांगणाऱ्याचं काम आणि अंदाजे वय, तारीख आणि तिथी, जाळं कोणतं (डोल, रापण, पाग, गळ), खोली, आणि फोटोचा क्रमांक. खोली वावेत सांगितली तर वावेतच लिहा आणि शेजारी मीटर. एक वाव साधारण १.८३ मीटर धरतात, पण तांडेल दोर दोन हात पसरून मोजतो. म्हणून त्याची वाव एकदा मोजपट्टीने मोजून घ्या. दहा वावांवर अर्ध्या-एक मीटरचा फरक सहज पडतो.

फोटो काढताना माशाचं तोंड डावीकडे ठेवा. पर टाचणीने किंवा काडीने पसरा, शेजारी पट्टी आणि क्रमांकाची चिठ्ठी ठेवा. उजेड सावलीतला घ्या. ऊन चमकलं की खवल्यांची रांग दिसत नाही. बोंबलाचा फोटो होडीवरून उतरल्याबरोबर काढा, कारण तो लगेच मऊ पडतो. बर्फात राहिलेल्या माशाचे रंग पुसट होतात, त्यामुळे रंगावरून ओळख ठरवायची असेल तर बाजारातला मासा कामाचा नाही.

शास्त्रीय नाव लावताना एफएओच्या (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या) पश्चिम हिंदी महासागरासाठीच्या ओळख-पत्रिका वापरा आणि ते नाव आजही मान्य आहे का हे वर्म्स या सागरी नावांच्या यादीत तपासा. नावं बदलत असतात. आपल्याकडच्या पापलेटाला वर्षानुवर्षं पॅम्पस अर्जेंटियस म्हणत आले. आता इथलं पापलेट पॅम्पस कॅन्डिडस ही वेगळी जात असल्याचं मांडलं गेलं आहे. २०२३ मध्ये राज्य मासा म्हणून जाहीर झालेल्या माशाचीही ही स्थिती आहे. म्हणून प्रत्येक नावामागे फोटो, आणि जमलं तर नमुना असलाच पाहिजे.

नमुना ठेवायचा तर कशासाठी ते आधी ठरवा. शरीररचनेसाठी फॉर्मलिन: बाजारात मिळणाऱ्या फॉर्मलिनचा १ भाग आणि समुद्राच्या पाण्याचे ९ भाग. मोठ्या माशाच्या पोटाला चीर द्या, नाहीतर बाहेरून टिकलेला मासा आतून सडतो. डीएनएसाठी मात्र फॉर्मलिन अजिबात नको, त्याने डीएनए खराब होतो. त्यासाठी मासा ताजा असतानाच तांदळाच्या दाण्याएवढा मांसाचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये, तुकड्याच्या निदान दहापट द्रवात ठेवा. फॉर्मलिन घरात, स्वयंपाकघराजवळ कधीही आणू नका. त्याची वाफ घातक असते आणि त्याने कर्करोग होऊ शकतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच हातमोजे घालून वापरा.

चिठ्ठी बाटलीच्या आत टाका आणि शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. बाहेर चिकटवलेली चिठ्ठी तर पहिल्याच पावसाळ्यात निघून जाते.

काही जीव उचलायचेच नाहीत. प्रवाळ, समुद्रकाकडी आणि बहिरी मासा ज्याला म्हणतात तो देवमाशाएवढा शार्क (व्हेल शार्क) हे वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. तिथे नमुने घ्यायला वनविभागाची लेखी परवानगी लागते. आपल्याच गावच्या खडकावरून उचललं, एवढं कारण पुरत नाही. मेलेलं प्रवाळ किनाऱ्यावर सापडलं तरी फोटो काढून तिथेच ठेवा.

बंदरावर मापं घेताना

पदवीचा पहिला प्रकल्प बहुतेकदा लांबी-वजनाचा असतो. इथे घरच्या मुलाला मोठा फायदा मिळतो, कारण मासळीची निवड होण्याआधी त्याला पाटीपर्यंत पोचता येतं. बाहेरून येणारा विद्यार्थी निवडून, ढीग लावून ठेवलेली मासळी मोजतो. मोठी पापलेटं आधीच निर्यातदाराकडे गेलेली असतात आणि बारीक मासळी सुकटीला वेगळी पडलेली असते. त्याचे आकडे म्हणूनच चुकतात. तुम्ही न निवडलेली एक पाटी सबंध मोजा. ज्या दिवशी ते जमलं नाही त्या दिवशी वहीत 'निवडलेली' असं स्पष्ट लिहा.

ज्यांच्या शेपटीला खाच आहे त्यांची लांबी दोन प्रकारे मोजता येते: शेपटीच्या टोकापर्यंत, किंवा खाचेपर्यंत. एकच प्रकार ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. अर्धी मापं एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने घेतली की वर्षाचं काम फुकट जातं. किमान कायदेशीर आकाराच्या नियमाशी आकडे ताडून बघायचे तर त्या नियमात कोणती लांबी धरली आहे हेही पाहा.

वेळापत्रक गावाच्या पंचांगाप्रमाणे आखा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, म्हणजे त्या दोन महिन्यांत बंदरावरून नमुने मिळणार नाहीत. नारळी पौर्णिमा, गौरी-गणपती, शिमगा या दिवसांत होड्या किनाऱ्याला असतात. बाहेरचा संशोधक 'दर पंधरा दिवसांनी नमुना' असं लिहून बसतो आणि ऑगस्टमध्ये त्याच्या तक्त्यात रिकामे रकाने पडतात. तुम्हाला हे आधीच ठाऊक आहे, तेव्हा प्रकल्पाच्या प्रस्तावातच लिहा आणि बंदीच्या काळात खाडीतला पाग, खडकावरची कालवं किंवा पाण्याची क्षारता मोजण्याचं काम ठेवा. जुलैत नदीमुखाची क्षारता शून्याच्या जवळ येते आणि मेमध्ये समुद्राइतकी, म्हणजे ३५ च्या आसपास असते. एवढा फरक एका वर्षात मोजायला मिळणं हे कोकणातल्या विद्यार्थ्याचं भाग्यच म्हणायचं.

आजी-आजोबांना विचारताना

पूर्वी किती मासळी मिळायची याच्या लेखी नोंदी फार थोड्या आहेत. ती माहिती म्हाताऱ्या माणसांच्या आठवणीत आहे, आणि ती माणसं आता थोडी उरली आहेत. हे काम सगळ्यात आधी करा, पदवी पूर्ण व्हायची वाट बघू नका.

'किती साली' असं विचारू नका. प्रसंग धरून विचारा. २६ जुलै २००५ च्या पुराच्या आधी की नंतर, २००९ चं फयान वादळ, २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते. त्याहून जुन्या काळासाठी घरातली लग्नं, पहिलं इंजिन बसवलेली होडी, नायलॉनची जाळी आली ते वर्ष. एका माणसाच्या आठवणीवर निष्कर्ष काढू नका. तीच गोष्ट वेगवेगळ्या घरांत, एकमेकांसमोर नसताना विचारा.

बायकांना वेगळं विचारा. तांडेलाला जागा आणि खोली आठवते. भाव, आकार, कोणत्या महिन्यात कोणती मासळी पाटीत किती यायची, हे विकणारीला आठवतं. तिच्यासमोर तीन-चार लांबीच्या कागदी पट्ट्या ठेवा आणि घोळ मासळी पूर्वी केवढी यायची ते दाखवायला सांगा. हाताने दाखवलेलं माप मोठं होतं, पट्टीवर बोट ठेवून दाखवलेलं खऱ्याच्या जवळ असतं.

संमती घ्यायलाच हवी, समोर सख्खा मामा असला तरी. काय विचारणार, कुठे छापणार, नाव घालायचं की नाही, हे घरच्या बोलीत वाचून दाखवा आणि नाही म्हणायची मोकळीक द्या. 'आमचाच पोरगा' म्हणून माणसं सगळं सांगून जातात, आणि धोका तिथेच आहे. कोण मासेमारीला एलईडी दिवे लावतं, कोण बंदीत जातं, कुणाच्या कवी (डोल जाळं लावायच्या ठरलेल्या जागा) कुठे आहेत हे तुमच्या वहीत येतं. छापलेल्या नकाशावरून उद्या कारवाई झाली किंवा बाहेरच्या बोटी त्या जागेवर आल्या, तर त्याचे परिणाम गावाने भोगायचे. म्हणून मासेमारीच्या जागा मोठ्या चौकटींतच दाखवा, नेमका बिंदू देऊ नका. नावांऐवजी क्रमांक वापरा, आणि क्रमांकांची किल्ली वेगळ्या वहीत ठेवा. कोणत्या गोष्टी लिहायच्याच नाहीत हे मच्छीमार सोसायटीशी काम सुरू करण्याआधी बोलून ठरवा. संस्थेत मानवी सहभागाच्या संशोधनासाठी नीतिसमिती असेल तर तिची मंजुरीही आधीच लागते. माहिती जमवून झाल्यावर ती मिळत नाही.

ज्याच्या माहितीवर प्रबंधाचं एक प्रकरण उभं आहे, त्याचं आभारात एका ओळीत नाव घालणं पुरेसं नाही. त्याने जागा निवडली असेल, जाळं कसं टाकायचं ते ठरवलं असेल आणि निष्कर्ष तपासला असेल, तर सहलेखक म्हणून नाव देण्याबद्दल मार्गदर्शकाशी बोला.

पुढच्या परीक्षा आणि पैसा

पीएच.डी.साठी सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये दोन विषय कामाचे आहेत: जीवविज्ञान, आणि पृथ्वी-वातावरण-महासागर विज्ञान. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर ४२,००० रुपये आणि वर घरभाडे भत्ता. भौतिक समुद्रविज्ञानाकडे जाणाऱ्यांनी गेटचाही विचार करावा. पदवीच्या उन्हाळ्यात तीन विज्ञान अकादमींची संयुक्त शिष्यवृत्ती घेऊन दोन महिने एखाद्या प्रयोगशाळेत काम करता येतं.

परदेशी एम.एससी.साठी युरोपातला सागरी जैवसंपदेचा संयुक्त अभ्यासक्रम आहे, त्याचं समन्वयन गेंट विद्यापीठ करतं. इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती मिळाली तर शुल्क माफ होतं आणि महिना १,४०० युरो मिळतात. अर्जातल्या निवेदनात 'मी समुद्राचं लेकरू आहे' असं लिहून काही होत नाही, तसं लिहिणारे शेकडो असतात. '६० दिवसांच्या नोंदींवरून आमच्या खाडीतली भरती बंदरापेक्षा इतकी उशिरा येते असं दिसलं' हे लिहा. दुसऱ्या कुणाच्या अर्जात ते वाक्य नसेल.

जहाजावरच्या कामासाठी पोहता यायला हवं. पाण्याखालच्या सर्वेक्षणासाठी स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र तारकर्लीला घेता येतं, ते १८ मीटरपर्यंत चालतं. दम धरून बुडी मारायची सवय असलेल्यांनी एक गोष्ट मुद्दाम शिकून घ्यावी: टाकीची हवा घेत असताना श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते आणि इजा होते. घरची सवय इथे जिवावर बेतू शकते.

काम झाल्यावर गावात परत न्यायचं ते

प्रबंधाची इंग्रजी प्रत सोसायटीच्या कपाटात ठेवून कुणी वाचत नाही. मराठीत चार पानं करा: काय मोजलं, काय निघालं, काय कळलं नाही. एक मोठा तक्ता करा आणि जूनमध्ये, जाळी दुरुस्तीला सगळे किनाऱ्यावर असताना, वाचून दाखवा. चूक निघाली तर तिथेच निघेल. प्रबंध जमा करण्याआधी हे केलं तर ती दुरुस्तही करता येते.

नावांची वही ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे न्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे लोक जैवविविधता नोंदवही ठेवणं हे त्या समितीचं काम आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांत त्या नोंदवहीत झाडंझुडपंच जास्त असतात आणि मासळीला अर्धं पान मिळतं. औषधी उपयोग किंवा गुपित राखलेल्या जागा त्यात लिहायच्या का, हे ज्यांची माहिती आहे त्यांना विचारूनच ठरवा. मूळ वही घरी ठेवा, प्रत समितीला द्या आणि पोचपावती घ्या.